शेजाऱ्याशी भांडण, म्हणून संसार शाबूत

दोन फुटी टाकी. आत सहा टेट्रा, चार मॉली, एक सकर आणि दुकानदाराने ‘जोडीच आहे, घेऊन टाका’ म्हणत गळ्यात मारलेले दोन काळ्या पट्ट्यांचे मासे. महिना-दोन महिने सगळं गोडीगुलाबीत चालतं. मग एके सकाळी दिवा लावावा तर टेट्रा आणि मॉली फिल्टरमागच्या कोपऱ्यात अंग चोरून उभे, सकर काचेला चिकटून हलायला तयार नाही आणि उरलेली पाऊण टाकी त्या दोघांच्या नावावर. फुटक्या कुंडीच्या आतल्या बाजूला साबुदाण्याहून बारीक अंडी चिकटलेली. काच पुसायला हात घालावा तर दोन इंचांची मादी थेट बोटावर धावून येते.

पेढे वाटा. घरात कॉन्व्हिक्ट सिक्लिडचं बाळंतपण निघालंय.

सिक्लिड हे कूळ अफाट आहे. शास्त्रीय नाव मिळालेल्या जातीच 1,700 च्या वर. आफ्रिका, मध्य आणि दक्षिण अमेरिका, मादागास्कर, थोडे पश्चिम आशियात आणि मोजके आपल्या दक्षिण भारतात व श्रीलंकेत. एंजल, ऑस्कर, डिस्कस, रॅम, फ्लॉवरहॉर्न, पॅरट हे सगळे याच घराण्यातले. एरवी माशांची जात पिल्लांच्या बाबतीत बेफिकीर. बहुतेकांनी अंडी सोडली की संबंध संपला, पुढे तीच अंडी समोर आली तर खाऊनही टाकतील. सिक्लिड तसे नाहीत. अंड्यांवर पहारा, पिल्लांना फिरवणं, धोका दिसला की हाकारून गोळा करणं, हे सगळं ते मन लावून करतात. मिश्र टाकीतली झाडून सारी भानगड या एका सद्गुणातून उभी राहते.

भांडायला कुणीतरी पाहिजेच

नवशिक्याला वाटतं, जोडी जमली ना, मग बाकीचे मासे काढून घ्यावेत, दोघांना निवांतपणा द्यावा. कॉन्व्हिक्ट, मिडास, जॅक डेम्प्सी अशा तापट जातींत हा निवांतपणा मादीच्या जिवावर बेततो. नराच्या अंगात राखणीचं वारं भरलेलं असतं. हुसकायला समोर कोणी नसेल, तर तो राग घरातच निघतो.

कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने याचा फार मजेदार दाखला नोंदवून ठेवला आहे. 1973 चं नोबेल ज्या तिघांना प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी मिळालं, त्यातला हा एक. आक्रमकतेवरचं त्याचं पुस्तक 1963 मध्ये आलं. त्याच्याकडे सिक्लिडच्या जोड्या शेजारी-शेजारी ठेवलेल्या होत्या, मधे फक्त काच. नर दिवसभर काचेपलीकडच्या नरावर दात-ओठ खाणार आणि आपल्या मादीशी गोडीने राहणार. हळूहळू काचेवर शेवाळ धरायचं, पलीकडचा शेजारी धूसर व्हायचा आणि नवरा-बायकोत खटके उडायला लागायचे. काच स्वच्छ घासली की दोघं पुन्हा एक. काच घासायची वेळ झाली हे तिथे म्हणे शेवाळावरून कळायच्या आधी घरातल्या कटकटीवरून कळायचं.

पाळणाऱ्यांच्या बोलीत अशा शेजाऱ्याला ‘टार्गेट फिश’ म्हणतात. हे काम कुणालाही देऊन चालत नाही. मासा चपळ हवा, कातडीने जाड हवा, आकाराने नराच्या तोडीस तोड हवा आणि त्याला त्याच कुंडीत घर करायची हौस नको. टाकीही चार फुटांची हवी. पळायला जागाच नसेल तर त्याला टार्गेट म्हणण्यापेक्षा बळी म्हणावं. जागा कमी असेल तर लोरेन्झचीच युक्ती बरी: मधे काचेचं पार्टिशन, पलीकडे दुसरी जोडी. दोन्ही संसार सुखात आणि औषधपाण्याचा खर्च शून्य.

जॅक डेम्प्सी हे नाव एका अमेरिकन मुष्टियोद्ध्याचं. तो 1919 ते 1926 जगज्जेता हेवीवेट होता. माशाचा चेहरा आणि स्वभाव बघून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. पण डेम्प्सीपेक्षा फायरमाउथ हा मासा मला जास्त आवडतो. भांडण आलं की गालफडं फुगवून गळ्याखालचा लालभडक पडदा असा ताणतो, की समोरच्याने तिथूनच परत फिरावं. प्रत्यक्ष मारामारीची वेळ आली तर मात्र स्वारी बऱ्याचदा काढता पाय घेते. मिश्र टाकीला असलेच लोक बरे.

मनाजोगता नवरा

फ्रान्समधल्या दिजाँच्या विद्यापीठात कॉन्व्हिक्टच्या माद्यांवर एक प्रयोग झाला, 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. आधी मादीला दोन नर दाखवून तिची पसंती पाहिली. मग माद्यांना छोट्या खोक्यांची झाकणं उघडायला शिकवलं: एका रंगाचं झाकण, एका बाजूला, आत खाऊ, दुसऱ्या रंगाचं, दुसऱ्या बाजूला, आत काही नाही. हे पक्कं झाल्यावर मधोमध एक करड्या झाकणाचं खोकं ठेवलं. आत खाऊ असेलही, नसेलही. ज्यांचा पसंतीचा जोडीदार काढून नेला, त्या माद्या करड्या झाकणाकडे जायला जास्त वेळ लावू लागल्या. असेल काहीतरी आत, ही उमेदच ओसरली होती.

म्हणजे दुकानातून ‘एक नर, एक मादी’ असं उचलून आणणं हा स्थळ न दाखवता लग्न लावण्याचा प्रकार आहे. जाणकार पाच-सहा पिल्लं एकत्र आणतात, वाढू देतात, जोडी त्यांची त्यांना जमवू देतात आणि उरलेली परत करतात. एंजलच्या बाबतीत तर यावाचून दुसरा मार्गच नाही, कारण एंजलमध्ये नर कोणता, मादी कोणती, हे अंडी पडेपर्यंत भल्याभल्यांना सांगता येत नाही. कॉन्व्हिक्टमध्ये सोपं: नारिंगी पोट दिसलं की मादी. बहुतेक प्राण्यांत नटणं नराकडे असतं, इथे ते तिच्याकडे. क्रिबेन्सिस या नायजेरियातल्या छोट्या सिक्लिडमध्येही तसंच. विणीच्या दिवसांत मादीचं पोट चेरीसारखं लाल होतं आणि तीच अंगाची कमान करून, थरथरत, नराच्या पुढे-पुढे करते.

क्रिबेन्सिसचं आणखी एक अजब आहे. त्यांच्या पिल्लांत नर किती, माद्या किती, हे पाण्याच्या पीएचवरही ठरतं. पाणी आम्ल असेल तर नर जास्त, उदासीनकडे झुकलेलं असेल तर माद्या जास्त. तेव्हा एकाच आईबापांची पिल्लं वाढवणाऱ्या दोघांपैकी एकाकडे सगळे मुलगेच आणि दुसऱ्याकडे मुलींची रांग लागली, तर दोष नशिबाला न देता पीएचची बाटली काढावी.

डॅनिओची नोकरी

टाकीत काही मासे भांडायला ठेवतात, तसे काही नुसते फिरायला. सिक्लिड दिसायला दांडगट, पण मनातून भित्रे. पाण्यात वर कोणीच हिंडत नसेल तर त्यांना वाटतं, वर बगळा असणार. मग ते दगडाआड दडून बसतात आणि चार फुटी टाकी रिकामी दिसते. वरच्या थरात सात-आठ छोटे, चपळ मासे बिनधास्त फिरताना दिसले की खालच्यांना धीर येतो. या माशांना ‘डिदर फिश’ म्हणतात. त्यांनी करायचं काही नाही, नुसतं निर्धास्त दिसायचं.

जगभर या कामावर लागलेला एक लाडका मासा म्हणजे जायंट डॅनिओ, आणि तो आपल्याकडचा. त्याचे भाऊबंद पश्चिम घाटातल्या स्वच्छ ओढ्यांत झुंडीने दिसतात. निळ्या-पिवळ्या रेघांचा हा मासा इतका चपळ, की सिक्लिड मागे लागला तरी हाती लागत नाही. ऑस्करसारख्या धिप्पाडांबरोबर डॅनिओ टिकत नाही, कारण ऑस्करचा नियम सोपा आहे: तोंडात मावतं ते खाद्य. तिथे ताटलीएवढे सिल्व्हर डॉलर ठेवतात. ऑस्करचं पिल्लू दुकानात बोटभर असतं, दिसायला गोजिरवाणं. तेच वाढून फूटभर होतं, आणि तेव्हा त्याच्या सोबतीला आणलेल्या निऑन टेट्रांची चौकशी कुणी करत नाही.

निऑनवरून एंजल आठवला. डौल असा की कुणीही भुलावं, पण पूर्ण वाढलेला एंजल निऑन गिळतो. अ‍ॅमेझॉनच्या पाण्यातही तो लहान मासे टिपतोच. दोघांना एकत्र विकणारे दुकानदार मात्र शांतपणे दोन्हीचे पैसे घेतात. उलट एंजलला छळणारेही आहेत. टायगर बार्ब त्याचे लांबलचक पर कुरतडतो, इतका की आठवड्यात राजबिंडा मासा भिकाऱ्यासारखा दिसावा. बार्ब झुंडीने आणले तर आपापसांत गुंततात आणि हा त्रास कमी होतो. तरी मी एंजलबरोबर ठेवणार नाही.

सकरची रात्रपाळी

दिवसा काचेला चिकटून असलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा सकर. आपल्याकडे काही दुकानांत त्याला क्रोकोडाइल फिशही म्हणतात. सिक्लिडच्या अंड्यांचा सर्वांत मोठा चोर तोच. कारण साधं आहे: सिक्लिड दिवसा जागतात आणि राखण डोळ्यांनी करतात. दिवा गेला की त्यांना काही दिसत नाही. सकर अंधारात वासावर आणि स्पर्शावर फिरतो, अंगावर हाडांचं चिलखत. रात्री अकराला दिवा बंद केला तेव्हा तीनशे अंडी असतात, सकाळी पान कोरं. आणि घरातले सगळे मिळून आईबापांवर आळ घेतात, ‘खाल्ली वाटतं त्यांनीच!’

खातातही म्हणा. एंजलची नवी जोडी पहिल्या एक-दोन खेपांना अंडी खाऊन टाकते, हा नेहमीचा अनुभव. पण मिश्र टाकीत निवाडा करण्याआधी सकरची झडती घ्यावी. बरेच जण अंडी असतील तितके दिवस खोलीत एक मंद दिवा रात्रभर ठेवतात. आईला तेवढा उजेड पुरतो.

तळाशी हिंडणाऱ्या कोरिडोरसची तऱ्हा आणखी वेगळी. टेट्राला समोरच्याने पर फुलवले की इशारा कळतो. कोरिडोरसला हद्द हा प्रकारच उमगत नाही. मिशा वाळूत खुपसून, खाणं हुंगत, तो सरळ रॅमच्या घरट्यात शिरतो. रॅम येऊन ढुशी मारते. कोरिडोरस चार बोटं सरकतो आणि पुन्हा तिथेच. अख्खा दिवस हेच. रॅमची जोडी दमून जाते, अंडी सोडून देते आणि कोरिडोरसला शेवटपर्यंत कळत नाही की काही घडलं.

बाप, बाळ आणि गांडूळ

पिल्लं बाहेर आल्यावर खरा खेळ. कॉन्व्हिक्टची अंडी तीनेक दिवसांत फुटतात. आणखी चार-पाच दिवस पिल्लं तळाशी नुसती वळवळतात, मग एके दिवशी ढग उठावा तशी सगळी पोहायला लागतात. आईबाप त्यांना टाकीभर चारायला नेतात. आई मधेच तळाशी बसते आणि छातीचे पर जोरजोरात हलवून वाळू उडवते. खालचं बारीक-सारीक खाणं वर येतं, पिल्लं तुटून पडतात. कधी एखादं पडलेलं पान तोंडाने उलटून दाखवते. संध्याकाळ झाली की इकडे-तिकडे भटकणाऱ्या पिल्लांना तोंडात धरायचं, घराशी न्यायचं आणि थुंकून आत टाकायचं.

याच उद्योगातली लोरेन्झची आणखी एक गोष्ट, 1949 सालच्या पुस्तकातली. ज्वेल फिशचा बाप संध्याकाळी पिल्लं गोळा करत होता. तेवढ्यात लोरेन्झने पाण्यात गांडुळाचे तुकडे टाकले. बापाने एक तुकडा तोंडात घेतला, चावायला सुरुवात केली आणि त्याच क्षणी समोरून एक चुकार पिल्लू गेलं. सवयीने त्याने तेही तोंडात घेतलं. आता तोंडात दोन वस्तू: एक गिळायची, एक जपायची. मासा जागच्या जागी थिजला. लोरेन्झ आणि त्याचे विद्यार्थी श्वास रोखून बघत होते. मग बापाने दोन्ही तळाशी थुंकलं, पिल्लावर एक डोळा ठेवून शांतपणे गांडूळ खाल्लं आणि नंतर पिल्लू उचलून घरी नेलं. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. माशाला अक्कल नसते म्हणणाऱ्याला ही गोष्ट सांगावी आणि गप्प बसावं.

डिस्कसची पिल्लं तर चक्क अंगावर पितात. आईबापांच्या कातडीवर एक दाट चिकट स्राव तयार होतो आणि पिल्लं तो ओरपतात. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या अभ्यासात आढळलं, की पिल्लांच्या काळात या स्रावात प्रथिनं आणि रोगप्रतिकारक द्रव्यं वाढतात. तीनेक आठवड्यांनी आईबाप त्यांना हळूहळू टाळायला लागतात, म्हणजे दूध तोडणंच ते. एक दमला की अंगाला झटका देऊन पिल्लं दुसऱ्याच्या अंगावर ढकलतो. म्हणून डिस्कसची जोडी इतर माशांबरोबर वाढवणं अवघड. पाणी 28 ते 30 अंश गरम लागतं, ते सोसणारे सोबती कमी. त्यात एखाद्या सकरला डिस्कसच्या अंगावरचा तोच स्राव चाटायची चटक लागते, आणि मग पिल्लांचं ताट पळवलं जातं, शिवाय डिस्कसच्या अंगावर जखमा.

आता शेजाऱ्यांची पिल्लं. कॉन्व्हिक्टच्या कळपात दुसऱ्या जोडीची पिल्लं मिसळली तर आईबाप त्यांना हाकलत नाहीत, अट एकच: ती आपल्या पिल्लांएवढी किंवा त्यांच्याहून लहान असावीत. मोठी असतील तर प्रवेश नाही. यात माया किती आणि हिशेब किती, हा वादाचा मुद्दा. पण हिशेब मात्र बरोबर बसतो. कळप मोठा झाला की शिकाऱ्याच्या तोंडी आपलंच पिल्लू जाण्याची शक्यता घटते आणि लहान, मंद पिल्लं आधी उचलली जातात. त्यापुढची कडी निकाराग्वातल्या हिलोआ सरोवरात सापडली. तिथे एका शाकाहारी सिक्लिडचे नर डोव्ही नावाच्या शिकारी सिक्लिडच्या पिल्लांची राखण करताना दिसले, 1977 मध्ये हे प्रसिद्ध झालं. कारण असं मांडलं गेलं, की हा शिकारी मोठा होऊन ज्यांना खातो, ते या नराचे घरांच्या जागेवरचे प्रतिस्पर्धी.

तोंडातला पाळणा आणि त्यात घातलेला चोर

आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे पिवळे-निळे मासे आता आपल्याकडेही बऱ्याच टाक्यांत दिसतात. यांच्यात अंडी तोंडात. मादी अंडी घालते, लगेच वळून तोंडात भरते. नराच्या शेपटीजवळच्या खालच्या परावर अंड्यासारखे पिवळे ठिपके असतात. तिला वाटतं, एखाद-दुसरं राहिलंच की. ती ते उचलायला तोंड नेते, आणि त्याच वेळी नर शुक्र सोडतो. फलन तिच्या तोंडात. वोल्फगांग विकलर या जर्मन शास्त्रज्ञाने 1962 मध्ये हा खोट्या अंड्यांचा डाव मांडला. पुढे तीनेक आठवडे ती काही खात नाही. खालचा जबडा फुगलेला, खाणं टाकलं तरी हिचं लक्ष नाही. नवखा पाळणारा घाबरून औषधाची बाटली काढतो.

या माशांच्या टाकीत गर्दीचं गणितही उलटं. दोन-चार मासे ठेवले तर एक दादा उरलेल्यांना संपवतो. म्हणून मुद्दाम दाटी करतात, एका नराला अनेक माद्या, भरपूर दगड. दादाला एकाच्या मागे लागता येत नाही, राग वाटला जातो. अर्थात मग फिल्टर दुप्पट ताकदीचा आणि पाणी बदलायला आठवड्याला बादल्या. नवा मासा सोडायचा असेल त्या दिवशी आधी दगड हलवावेत. सगळ्यांच्या हद्दी एकदम पुसल्या जातात, जुने-नवे सगळेच नव्याने जागा शोधायला लागतात आणि पाहुण्याला कुणी धरत नाही.

पण तोंडात अंडी म्हणजे सुरक्षित, असं समजणाऱ्यांसाठी टांगानिका सरोवरात कोकिळा मांजरमासा आहे. पांढुरक्या अंगावर काळे ठिपके, लांब मिशा. सिक्लिडची मादी अंडी घालत असते, तेवढ्यात या मांजरमाशांची जोडी मधे घुसते, तिची काही अंडी फस्त करते आणि घाईघाईत आपली टाकते. सिक्लिड गोंधळात दिसेल ते तोंडात भरते. तिथे, तिच्याच तोंडात, मांजरमाशाची अंडी आधी फुटतात आणि ती पिल्लं यजमानाची पिल्लं एकेक करून खाऊन टाकतात. आई उपाशी राहून पूर्ण मुदत भरते आणि शेवटी तोंड उघडते तेव्हा बाहेर पडतात मिशावाले. 1986 मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आलं. पिल्लांसाठी असं पूर्णपणे दुसऱ्यावर विसंबलेला मासा म्हणून त्याचं नाव झालं.

गंमत अशी, की टांगानिकातल्या सिक्लिडना हा चोर पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ते बऱ्याचदा त्याची अंडी ओळखून टाकून देतात. इतर सरोवरांतल्या सिक्लिडना तो कधी भेटलेलाच नाही, म्हणून ते सहज फसतात, असं 2018 च्या एका अभ्यासात दिसलं. पाळणाऱ्यांना हे आधीच ठाऊक होतं. कोकिळा मांजरमाशाची पैदास करायची असेल तर त्याला मलावीच्या माशांच्या टाकीत सोडतात. भोळी दाई मिळते.

किरकोळीत

टांगानिकातला मल्टी नावाचा सिक्लिड गोगलगायीच्या रिकाम्या शंखात राहतो. मादी इंचाहून जेमतेम मोठी. वीसभर शंख आणि जाड थर वाळूचा दिला की दोन फुटी टाकीतही अख्खी वस्ती नांदते, आणि ते दिवसभर वाळू इकडची तिकडे करतात. तुम्ही लावलेली रोपं त्यांच्या आराखड्यात बसत नसतील तर उपटली जातात.

त्यांचाच एक मोठा नातेवाईक आहे, कॅलिप्टेरस. नराचं वजन मादीच्या बारा पट. मादी शंखात मावली पाहिजे आणि नराला शंख तोंडाने उचलता आला पाहिजे, म्हणून हा फरक. नर शेजाऱ्याचे शंख चोरतो आणि कधी-कधी आत मादी असताना चोरतो.

ब्रिकार्डी या सिक्लिडमध्ये मोठी भावंडं धाकट्यांना सांभाळतात. टाकीत एक जोडी सोडली की वर्षभरात आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत एकत्र कुटुंब, आणि बाहेरच्या माशाला तिथे पाणी भरायलाही जागा नाही.

बॉन विद्यापीठाने 2022 मध्ये झेब्रा सिक्लिडना छोटी बेरीज-वजाबाकी शिकवली: आकृत्या निळ्या दिसल्या तर एक मिळवायचा, पिवळ्या दिसल्या तर एक वजा करायचा. जमलं त्यांना.

पॅरट हा माणसाने केलेला संकर, 1980 च्या दशकात तैवानमध्ये. तोंड नीट मिटत नाही, म्हणून खाणं घशात चावतो. सिक्लिडना घशात दुसरा जबडा असतो, ते इथे कामी येतं. नर बहुतेक वांझ. तरी जोड्या जमतात, जागा साफ करतात, अंडी घालतात, पांढरी पडलेली अंडी जिवापाड राखतात आणि शेजाऱ्यांना बदडतात. निसर्गाने हेका धरला की परिणामाची पर्वा नसते. फ्लॉवरहॉर्न त्याचाच आधुनिक भाऊ, 1990 च्या दशकातला मलेशियाचा. कपाळावरचं टेंगूळ जितकं मोठं तितकं भाग्य म्हणे. भाग्य येवो न येवो, त्याच्या टाकीत दुसरा मासा टिकत नाही हे नक्की. बरेच जण त्याला एकटाच ठेवतात आणि तो काचेपलीकडच्या माणसांशी भांडतो.

आपल्या घरचे

पाण्याचं एक सांगायला हवं. धरणाचं नळाचं पाणी बहुधा मऊ, ते एंजल, रॅम, क्रिबेन्सिसला मानवतं. बोअरचं जड पाणी मलावी-टांगानिकावाल्यांना. पाण्याशी झगडण्यापेक्षा पाण्याला मासा जुळवावा, खर्च वाचतो. गुहा म्हणून विकत मिळणाऱ्या रंगीत किल्ल्यांपेक्षा नारळाची करवंटी, एका बाजूने भोक पाडून, उकळून घेतलेली, क्रिबेन्सिसला जास्त आवडते.

आणि भारताचे स्वतःचे सिक्लिड आहेत, हे दुकानात फारसं कुणी सांगत नाही. मोठा तो हिरवा क्रोमाइड. गोव्यात त्याला काळुंद्र म्हणतात, केरळात करिमीन, आणि 2010 पासून तो केरळचा राज्यमासा. छोटा तो नारिंगी क्रोमाइड, तीन इंचांचा, सोनेरी अंगावर काळा ठिपका. खाडीच्या मचूळ पाण्यात दोघं शेजारी राहतात. त्यांचं नातं सरळ नाही. नारिंगीची पिल्लं हिरव्याच्या अंगावरचे परजीवी टिपून त्याला स्वच्छ करतात, आणि तेच नारिंगी संधी मिळाली की हिरव्याची अंडी आणि पिल्लं खातात. हिरवा अंग स्वच्छ करून घेताना स्तब्ध उभा राहतो आणि अंड्यांजवळ आलं की त्याच शेजाऱ्याला हाकलतो. नारिंगीची जोडी छोट्या मिश्र टाकीला बेताची आहे: पिल्लं आली की आईबापांच्या अंगाला चोखत फिरतात, भांडण बेताचं, आणि पाण्यात थोडं मीठ असलं की खूश.

पिल्लांचं करायचं काय, हा शेवटचा आणि खरा प्रश्न. कॉन्व्हिक्टची एक जोडी दर महिन्या-दीड महिन्याने शे-दोनशे पिल्लं देते. पहिली खेप मित्रांना, दुसरी दुकानदाराला, तिसऱ्या वेळी दुकानदार फोन उचलत नाही. मोठे सिक्लिड पाळणारे ती खाद्य म्हणून नेतात. ओढ्यात, तलावात सोडायची नाहीत. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या हेझलवूड वीजकेंद्राच्या कोमट तलावात कुणीतरी सोडलेले कॉन्व्हिक्ट वसाहत करून राहिले होते. आपल्याकडचं उदाहरण आणखी मोठं आहे. मोझांबिकची तिलापिया 1952 मध्ये भारतात आणली गेली. तीही सिक्लिड, तोंडात पिल्लं वाढवणारी, त्यामुळे जिथे पडली तिथे वाढली. तिला आणि तिच्या मागून आलेल्या नाइल तिलापियाला आपण चिलापी म्हणतो. उजनीच्या पाण्यात आज तिचंच राज्य, आणि पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवणला जेवायला थांबलात तर तिखट रश्शात किंवा तव्यावर रव्यात घोळून ती समोर येते.